कुलपातील गाणे

अलीकडे आमच्या नांदेड-लातूरकडे एका विशिष्ट प्रकारच्या शोकसभा वरचेवर होऊ लागल्या आहेत. एखादे वयोवृद्ध रसिक गृहस्थ निवर्ततात. सभेत वक्त्यामागून वक्ते उठून सांगतात की, कैलासवासींच्या संग्रही अमुक बुवांच्या तमुक मैफली होत्या, तशा साऱ्या महाराष्ट्रात कोणाकडे नव्हत्या. श्रोते माना डोलावितात, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात आणि पांगतात. त्या मैफलींचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. सभेच्या शिष्टाचाराचा भंग होत असल्यास तो दोष पत्करून आम्ही हा प्रश्न येथे विचारणार आहो. किंबहुना आम्ही त्याच्याही पुढे जाऊन असे म्हणतो की, ज्या संग्रहाचे दार संग्राहकाच्या हयातीत कोणा विद्यार्थ्यास उघडले नाही, तो संग्रह रसिकतेचे भूषण नसून रसिकतेवरील डाग होय.

हे विधान कठोर वाटेल. म्हणून प्रथम या मंडळींच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगून टाकू. हिंदुस्थानात गाण्याचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास गैसबर्गने गौहरजानचे गाणे घेतले तेव्हापासून रुजले. परंतु त्या तबकडीचा अवकाश तीन-साडेतीन मिनिटांचा. ज्या रागाचा नुसता षड्ज लावून बसावयास पाच मिनिटे लागतात, तो राग तीन मिनिटांत उरकावयाचा म्हणजे हत्तीला देव्हाऱ्यात बसविण्यासारखेच होते. शिवाय सर्वांचेच गाणे तबकडीत आले असेही नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. दोघांचाही स्वर आज कोणास ऐकता येत नाही. केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या खऱ्या, परंतु पुढे ध्वनिमुद्रण आणि नभोवाणी या दोहोंकडे पाठ फिरविली. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी अंतराळात गेली. परंतु त्यांची पुरी मैफल पृथ्वीवरच्या माणसास दुर्मीळ राहिली. अशा स्थितीत एखाद्या रसिकाने शालीखाली यंत्र दडवून गाणे टिपून घेतले, तर त्यास चोर म्हणावयास आमची जीभ सहसा वळणार नाही.

आणि हे लिहिणारे आम्हीही सोवळे नाही. प्रथम स्पूलचे धूड, ज्याच्या सात इंची चाकावर सावकाश गतीने एका बाजूस सुमारे एक तास मावे. मग १९६३ साली फिलिप्स कंपनीने काढलेली कॅसेट, जी आमच्याकडे घरोघर पोचावयास ऐंशीचे दशक उजाडले. मराठवाड्यात मोठा गवई यावयाचा तो गणेशोत्सवात किंवा एखाद्या संगीतसभेत, वर्षाकाठी एकदा. एरव्ही एस. टी.ची रात्र काढून पुणे गाठावयाचे. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव ही आमची पंढरी होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळिसाव्या मिनिटास संपे आणि नेमकी तेव्हाच गवयाची तान रंगात आलेली असे. ती उलटून पुन्हा कळ दाबीपर्यंत जे गेले ते गेले. घरी आल्यावर प्रथम कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकावयाच्या, म्हणजे कोणी चुकून तिजवर दुसरे काही भरू नये. या उद्योगातला आनंद आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच त्यातला लोभही ठाऊक आहे.

लोभाचे स्वरूप असे. एकाच्या हाती दुर्मीळ फीत आली की तिची किंमत, ती दुसऱ्याकडे नाही, यावर ठरू लागते. मग देवाणघेवाणीचा बाजार सुरू होतो: तुमचा मारवा द्या, आमचा जौनपुरी घ्या. ज्याच्यापाशी देण्यास काही नाही, त्यास घेण्याचाही अधिकार नाही. द्यावयाची वेळ आलीच तर मूळ प्रत न देता प्रतीची प्रत द्यावयाची, म्हणजे घेणाऱ्याच्या पदरी गाण्यापेक्षा खरखर अधिक पडेल. प्रत करणाऱ्या यंत्राची गती थोडी कमीअधिक असली, तर काळी एकचा गवई काळी दोनमध्ये गाऊ लागतो आणि त्याची लयही चढते. शिकणारा बिचारा तीच लय त्या बुवांची म्हणून गिरवीत बसतो. कित्येकदा फितीवर स्थळ नाही, साल नाही, तबलजीचे नाव नाही. असल्यास बुद्ध्या चुकीचे, की जेणेकरून मूळ कोठले हे दुसऱ्यास कळू नये.

एक प्रसंग सांगतो. लातुरास गाणे शिकणाऱ्या एका मुलीस घेऊन आम्ही एका परिचित संग्राहकांकडे गेलो होतो. एका गायिकेचा अप्रचलित राग त्यांच्यापाशी होता आणि मुलीस तो ऐकावयाचा होता. चहा झाला, यजमानांनी दहा मिनिटे गाणे ऐकविले आणि यंत्र बंद करून हसत विचारले, "बाळ, आमच्याकडचे न्यायचे तर बदल्यात तू काय आणलेस?" ती म्हणाली, "काका, माझ्याजवळ तंबोऱ्याखेरीज काही नाही." यजमानांस हा विनोद वाटला. ते मनुष्य म्हणून वाईट नव्हते; दारापर्यंत पोचवावयास आले, पुन्हा या म्हणाले. पुढे ते वारले, बिऱ्हाड मोडले, फिती माळ्यावर गेल्या. काही वर्षांनी त्या खाली काढल्या तेव्हा बहुतेकांवर बुरशी होती आणि ज्या बऱ्या होत्या, त्यांतील काहींवर कोणा नातवंडाने पट्टीच्या जागी कागद चिकटवून सिनेमाची गाणी भरली होती. मुलीने तो राग दहा मिनिटांपुढे ऐकला नाही. आणि आता कोणीच ऐकणार नाही.

संग्राहकांचे म्हणणे काय, ते आम्ही अनेकदा ऐकले आहे. पहिले म्हणणे श्रमाचे: आम्ही पदरमोड केली, रात्री जागविल्या, मग फळ इतरांस फुकट का? यावर आमचे उत्तर असे की, श्रम तुम्ही ऐकण्याचे केले, गाण्याचे नव्हेत. गाणाऱ्याने जन्म घातला. तुम्ही फीत घातली. ज्याचे न विचारता घेतले त्याच्या मालावर आपल्या कष्टांचा हक्क सांगणे, हा न्याय कोणत्या गावचा?

दुसरे म्हणणे याच्या नेमके उलट आणि अधिक गंभीर आहे: गायकाची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही ते बाहेर काढीत नाही. हा विवेक प्रामाणिक असेल तेथे आम्ही त्यापुढे नम्र आहो. गाणाऱ्यास आपली फसलेली मैफल जगापुढे येऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे आणि कायद्यानेही ते मानले आहे. १९५७ च्या कायद्यात गायकास स्वतःच्या गायनावर स्वतंत्र हक्क नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने तो दिला आणि आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे. परंतु त्याच कायद्याने खासगी उपयोग, तसेच प्रामाणिक अध्यापन व संशोधन यांसाठी वाट मोकळी ठेवली आहे. शिवाय परवानगीचा हा विवेक मैफलीत शाल सावरताना कोठे होता? आणि अदलाबदलीच्या वेळी तो कोठे जातो? जो विवेक श्रीमंत संग्राहकापुढे निजतो आणि गरीब विद्यार्थ्यापुढे जागा होतो, त्यास आम्ही विवेक म्हणत नाही. ज्यास खरोखर टोचणी आहे, त्याने गायकाच्या वारसांस पत्र लिहून विचारावे. तेवढे पोस्टेज त्यास जड नसावे.

तिसरे म्हणणे व्यापाराच्या भयाचे: आम्ही द्यावे आणि कोणा धूर्ताने विकून पैसे करावे. भय खोटे नाही. पाश्चात्त्य रॉक संगीतात हेच झाले. १९६९ साली बॉब डिलनची अप्रकाशित गाणी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात छापून विकली गेली आणि तेव्हापासून चोरट्या तबकड्यांचा धंदाच उभा राहिला. पण त्याच देशातील ग्रेटफुल डेड या मंडळींनी दुसरा मार्ग काढला: १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांस त्यांनी सभागृहात वेगळी जागाच दिली, नियम एवढाच की, फिती वाटाव्या, विकू नयेत. आपल्याकडेही उपाय आहे. १९८२ साली स्थापन झालेले आणि आज गुरुग्राम येथे असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूटचे संगीत-संग्रहालय ठेव स्वीकारताना ती कोणी व कशी ऐकावी याच्या अटी ठेवणाऱ्यास घालू देते. मुंबईस सत्यशील देशपांडे यांनी 'संवाद फाउंडेशन'द्वारे गवयांचे गाणे जतन केले. तेव्हा दार उघडणे म्हणजे घर लुटू देणे नव्हे.

चोरून टिपलेल्या गाण्याचे सार्थक कसे होते, याचे एक जुने उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने १९०१ ते १९०३ या काळात रंगमंचाच्या वरच्या माळ्यावर यंत्र ठेवून चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर घेतले. आवाज क्षीण, खरखर अपार. तरी ज्या गायकांचा स्वर अन्यत्र कोठेच उरला नाही, तो तेथे उरला. ती नळकांडी बव्हंशी आज तेथील सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. म्हणूनच मेपलसनचे नाव शंभर वर्षांनंतरही कृतज्ञतेने घेतले जाते. आमच्या शोकसभांतील नावे शंभर दिवस तरी टिकतात काय?

मराठवाड्यापुरती आणखी एक तक्रार आहे, आणि तिच्यात आम्ही स्वतःसही धरतो. आम्ही फिती खर्चिल्या त्या पुण्या-मुंबईच्या गाजलेल्या नावांवर. नांदेडास अण्णासाहेब गुंजकरांनी विद्यार्थी घडविले, नाथराव नेरळकरांसारखा गायक तेथून निघाला; त्या घरगुती बैठका किती जणांनी टिपल्या? औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजन, हजूर साहिबातील पहाटेचे कीर्तन, माळेगावच्या यात्रेतील वाघ्या-मुरळी, गावोगाव रात्र जागविणारी वामनदादा कर्डकांची गाणी, हे सारे आमच्या दाराशी होते. परंतु ते दुर्मीळ नव्हते, म्हणून आम्ही त्याकडे पाहिले नाही. आणि पाहिले नाही म्हणून आज ते दुर्मीळ झाले. संग्राहकाची दृष्टी गाण्यावर नसून नावावर असते, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

कोणी म्हणेल, आता हा वाद कशास? संगणकावर सर्व गाणे फुकट ऐकावयास मिळते. मिळते ते ज्यांनी उघडले त्यांचे. जे माळ्यावर आहे ते तेथे नाही, आणि माळ्यावरचे फार दिवस थांबणार नाही. फितीवरील लोहभस्माचा थर ज्या लेपाने चिकटलेला असतो, तो दमटपणाने सुटतो. थर खपल्यांनी गळतो आणि त्याबरोबर गाणेही गळते. जुनी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही विरळ होत आहेत. म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. ज्याच्या घरी फिती आहेत त्याने प्रथम एक वही करावी: कोण गायले, कोठे, केव्हा, साथीस कोण, आणि फीत मूळ की प्रत. मग मूळ फितीची नवी प्रत करवून ती एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा १९९४ साली नांदेडास निघालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, हव्या त्या अटींसह ठेवावी. आणि त्या संस्थांनीही ती कपाटात पुन्हा कुलूपबंद न करता विद्यार्थ्यास ऐकण्याची सोय करावी. हे हयातीतच व्हावे. मृत्युपत्रावर सोडलेले गाणे रद्दीवाल्याच्या तराजूवर जाते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातुरास पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आले. ज्या मिरजेने आम्हांस तंबोरे दिले, जेथे अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत, त्याच गावाने सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरांवरील तहानलेल्या शहरास पाणी धाडले आणि बदल्यात काय आणले, असे विचारले नाही. त्या उन्हाळ्यात भरल्या विहिरीस कुलूप घालणाऱ्याविषयी लातूरकर काय बोलले असते, ते आम्ही येथे लिहू शकत नाही. गाण्याच्या विहिरीस कुलूप घालणाऱ्याची मात्र आम्ही शोकसभा भरवितो.