पाड्यावरचे ऊन आणि विधिमंडळातला प्रश्न

एप्रिल-मे महिन्यात डहाणूत असे काही दिवस येतात, की पारा जेमतेम ३५-३६ अंशांवर असतो आणि तरीही जीव नकोसा होतो. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण मसोलीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. हवेत आधीच इतका ओलावा असतो, की अंगावरचा घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो. शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर तो वाळल्यामुळे. मग वाडीत चिकू उतरवणाऱ्या किंवा रस्त्याच्या कामावर खडी वाहणाऱ्या माणसाला दुपारी चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात, उलट्या होतात. घरचे त्याला दवाखान्यात आणतात. त्या दिवशी उष्णतेची लाट मात्र जाहीर झालेली नसते.

यात हवामान खात्याची चूक नाही. लाट ठरवण्याचे निकष स्पष्ट आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश असावे लागते, शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त वाढलेले असावे लागते. ‘उष्ण आणि दमट हवामान’ असा वेगळा इशाराही खाते किनारी जिल्ह्यांसाठी देते. पण लोकांच्या मनात ‘लाट’ हा एकच शब्द बसला आहे. लाट नाही म्हणजे धोका नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. इशारा आणि तो ज्याच्यासाठी आहे तो माणूस यांच्यामधली ही दरी आहे. हवामान बदलाच्या धोरणाबद्दल बोलताना तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही.

हवामानाच्या प्रश्नावर लोकप्रतिनिधींनी पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र यावे, ही कल्पना नवी नाही. १९८९ मध्ये काही देशांच्या कायदेमंडळ सदस्यांनी ‘ग्लोब’ नावाचे जाळे उभारले. ‘क्लायमेट पार्लमेंट’ या अशाच दुसऱ्या जाळ्यात भारतातले लोकप्रतिनिधीही सहभागी झाले आहेत. ही कल्पना उत्तर कोकणापुरती करून पाहण्यासारखी आहे. पालघर जिल्ह्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत आणि त्यांपैकी चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तलासरीची हद्द ओलांडली, की गुजरात आणि दादरा-नगर हवेली. तिथे विधानसभा नाही, पण खासदार आहेत. वादळ, पूर, डास आणि ऊन यांना या सीमा ठाऊक नाहीत. त्यामुळे या पट्ट्यातल्या आमदार-खासदारांचे एक जाळे असावे, हे पटण्यासारखे आहे. प्रश्न असा, की हे जाळे लोकांशी बोलणार काय आणि कसे?

असा ‘संवाद आराखडा’ बहुतेक वेळा प्रसिद्धीचा आराखडा होऊन बसतो. बोधचिन्ह, फलक, एक परिषद, वसुंधरा दिनाला वृक्षारोपण. लोकांपर्यंत निरोप नेणाऱ्या यंत्रणा तर आधीच आहेत. हवामान खाते आहे, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आहे, आरोग्य खाते आहे, गावात आशाताई आहेत. २०१९ पासून हवामान बदल आणि मानवी आरोग्य यासाठी केंद्राचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू आहे. लोकप्रतिनिधींनी याच रांगेत आणखी एक भोंगा लावण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्याकडे असे एक साधन आहे जे यांपैकी कोणाकडेच नाही. खालचा अनुभव सभागृहात मांडून सरकारकडून उत्तर मागण्याचा अधिकार त्यांना आहे. संवादाचा आराखडा या अधिकाराभोवती उभा राहायला हवा.

अर्थात वर काही न्यायचे तर आधी खाली नीट बोलावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की २०३० ते २०५० या काळात हवामान बदलामुळे कुपोषण, मलेरिया, अतिसार आणि उष्णता यांपायी दरवर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होतील. धोरण आखणाऱ्याला हा आकडा हवाच. पाड्यावरच्या बाईला मात्र त्यातून आज काय करावे हे कळत नाही. तिच्यासाठी निरोप वेगळा असतो. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर उन्हाळ्यात त्याला तहान लागण्याची वाट न पाहता पाणी देत राहा. शरीरातले पाणी कमी झाले, की या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. आदिवासी भागात हा आजार अधिक आढळतो, म्हणून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. उन्हाचा निरोप आणि सिकलसेलचा निरोप एकाच तोंडून गेला, तर तो ऐकला जाण्याची शक्यता वाढते.

निरोपात तीन गोष्टी असाव्या लागतात : कोणासाठी, केव्हा आणि नेमके काय करायचे. ‘उन्हापासून काळजी घ्या’ यात तिन्ही नाहीत. ‘उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर गाडीची वाट बघत बसू नका, त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका’ यात तिन्ही आहेत. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. इथे औषधापेक्षा गार करण्यातली पहिली काही मिनिटे मोलाची असतात, आणि ती मिनिटे दवाखान्यात नव्हे तर कामाच्या जागी असतात.

निरोप पोहोचवायचा तर माणूस कुठे आहे हेही माहीत असायला हवे. दिवाळी झाली, की डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. काही तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. ऐन मार्च-एप्रिलमध्ये गावच्या ग्रामपंचायतीत लावलेला फलक वाचायला हे लोक गावात नसतात. त्यांचा मतदारसंघ एक आणि उन्हाचा मार दुसऱ्याच मतदारसंघात, बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात. एका आमदाराच्या हद्दीत न मावणारा हा प्रश्न आहे, आणि प्रादेशिक जाळ्याची खरी गरज इथेच दिसते. पालघरच्या आमदाराने भट्टी असलेल्या मतदारसंघातल्या सहकाऱ्याला फोन करून पाणी, सावली आणि दुपारच्या सुट्टीची चौकशी केली, तर तोही संवादच आहे. भाषेचेही तसेच. वारली, मांगेली, गुजराती आणि मराठी बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटतात. मंत्रालयातली मराठी त्यांच्यापैकी फार थोड्यांची आहे.

नीट आखलेला निरोप काय करू शकतो, याचे उदाहरण दूर नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भीषण उन्हाळा झाला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातल्या शहरांतला तो पहिला मानला जातो. त्याचा गाभा यंत्रसामग्रीचा नव्हता. रंगांनुसार इशारे, ते कोणी कोणाला कळवायचे याची ठरलेली साखळी, स्थानिक भाषेतली माहिती आणि डॉक्टर-कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप होते. इशारा मिळाल्यावर प्रत्येकाने काय करायचे हे आधीच ठरलेले होते.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत पहिला निरोप त्यांच्या वागण्यातूनच जातो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंची गर्दी भर उन्हात तासन् तास बसली. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तो दिवसही विदर्भातल्या उन्हाच्या मानाने सौम्यच होता. या घटनेनंतर कोणत्याही जाळ्याच्या आराखड्यातले पहिले कलम साधे असायला हवे : मार्च ते जून दुपारी १२ ते ४ या वेळेत एकाही सदस्याची उघड्यावर सभा, उद्घाटन किंवा मोर्चा नाही. याला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. आमदाराने सभा संध्याकाळवर नेली, हे गावाला दहा फलकांपेक्षा लवकर समजते.

दुसरे कलम निरोपानंतरच्या निरोपाचे. ३ जून २०२० रोजी आलेले निसर्ग चक्रीवादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान धडकेल, असा सुरुवातीचा अंदाज होता. पालघरच्या किनाऱ्यावरच्या लोकांनाही सुरक्षित जागी हलवले गेले. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि डहाणू बचावले. अशा वेळी ‘उगाच घाबरवले’ असे म्हटले जाते, आणि पुढच्या इशाऱ्याला माणसे घर सोडत नाहीत. तपासणीत आजार निघाला नाही म्हणून तपासणी वाया गेली असे नसते, हे रुग्णाला समजावावे लागते. तसेच इथेही वादळ का वळले आणि हलवणे तरी का योग्य होते, हे दुसऱ्या दिवशी कोणीतरी विश्वासातल्या माणसाने येऊन सांगायला हवे. ते सहसा कोणीच सांगत नाही.

आता वर जाणाऱ्या निरोपाकडे. उन्हाने होणाऱ्या मृत्यूंची मोजणीच अवघड आहे. उष्माघाताने कोसळलेला तरुण मजूर नोंदला जाण्याची शक्यता असते. पण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली म्हातारी उकाड्याच्या आठवड्यात घरीच जाते, तेव्हा तिच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो, किंवा नुसते ‘वार्धक्य’. २०२४ मध्ये तमिळनाडूने उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केले. मदत मिळणार असेल तर कारणाची नोंद होते आणि नोंद झाली तर धोरण बदलते. महाराष्ट्रातल्या सदस्यांनी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना यांतून विचारण्यासारखे बरेच आहे. किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत बर्फ, पंखे आणि रुग्णाला गार करण्याची सोय आहे? मार्च ते जून जिल्ह्यात एकूण किती मृत्यू झाले आणि आधीच्या वर्षांच्या तुलनेत ते किती? रोजगार हमीच्या कामाच्या वेळा उन्हाप्रमाणे बदलल्या का? आश्रमशाळांच्या पत्र्याच्या छपरांखाली दुपारी किती तापमान असते?

या आराखड्याची कसोटी डहाणूत लागेल ती वाढवण बंदरावरून. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने बंदर नाकारले, २०२३ मध्ये अटींसह मंजूर केले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. या विषयावर सदस्यांत एकमत होणार नाही. ते आहे असा आव आणला, तर जाळे पहिल्याच पत्रकार परिषदेत तुटेल. त्यापेक्षा आधीच ठरवून घ्यावे : बंदरावर ज्याची त्याची भूमिका, मात्र ऊन, पाणी, साथी आणि वादळ यांची माहिती सगळ्यांची एकच, आणि तीत कोणीही आपल्या बाजूने फेरफार करायचा नाही. बंदराच्या समर्थकाने आजार लपवायचे नाहीत आणि विरोधकाने प्रत्येक आजार बंदराच्या माथी मारायचा नाही.

शेवटी वेळापत्रक. मे महिन्यातला उकाडा विधिमंडळात पोहोचतो तो पावसाळी अधिवेशनात. तेव्हा पूर आणि खड्डे यांपुढे उन्हाची आठवण कोणाला राहत नाही. डिसेंबरात नागपूरला थंडी असते. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो तोवर पुढचा उन्हाळा दारात येतो. म्हणून जूनअखेर उपकेंद्रांकडून आणि ग्रामसभांमधून आलेल्या नोंदी एकत्र करायच्या, डिसेंबरात त्यावर प्रश्न लावायचे, मार्चच्या अर्थसंकल्पात तरतूद मिळवायची, आणि मिळालेले उत्तर एप्रिलपूर्वी त्याच ग्रामसभेत वाचून दाखवायचे. आराखड्याचे यश मोजायचे तर परिषदांना किती जण आले हे मोजू नये. मे महिन्यात तलासरीच्या एखाद्या पाड्यावर जावे आणि विचारावे, ‘गेल्या वर्षी तुम्ही जे सांगितले होते, त्याचे उत्तर घेऊन कोणी परत आले का?’