कॅसान्ड्राचा आवाज आणि तुटलेले चित्र

मोबाईलवर चित्रफीत पाहताना रेंज गेली की माणसाच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात, डोळा कानाकडे सरकतो. याला ग्लिच म्हणतात, आणि काही कलावंत असा बिघाड मुद्दाम घडवून त्याची कला करतात, हे मी वर्गात सांगितले तेव्हा हशा पिकला. "मग आमच्या विहिरीवरची मोटार मोठीच कलावंत!" असे एक मित्र म्हणाला.

हसणाऱ्यांचे निम्मे खरे आहे. उगाच चित्र फाडून दाखवणे ही निव्वळ फॅशन होय. पण काही कथा अखंड चित्रात सांगितल्या तर खोट्या वाटतील, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रीक पुराणातली कॅसान्ड्रा घ्या. ट्रॉयच्या प्रायम राजाची ही मुलगी. अपोलो देवाने तिला भविष्य पाहण्याची दृष्टी दिली; तिने त्याला नाकारले तेव्हा शाप दिला की तू खरेच बोलशील, पण कोणी विश्वास ठेवणार नाही. लाकडी घोड्याविषयी तिने बजावले. नगर जळाले. तिच्या वाणीत दोष नव्हता. शब्द अखंड निघाला, पोहोचताना मोडला.

फोनचेही तसेच. चित्रफितीत प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत. बहुधा आधीच्या चित्रात काय बदलले तेवढेच पाठवतात. मधले काही हरवले की नवी हालचाल जुन्याच चेहऱ्यावर चढते. बोलणारा तिकडे नीटच बोलत असतो!

ग्रीक कथेशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या नलिनी मालानी (जन्म १९४६) यांनी कॅसान्ड्राला पुनःपुन्हा जवळ केले आहे. २०१२ साली जर्मनीतल्या कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' ही कृती मांडली. फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर रंगवलेल्या आकृत्या, त्यांतून जाणारी चलत्‌चित्रे, भिंतीवर एकमेकींत मिसळणाऱ्या सावल्या. तिथे कॅसान्ड्राच्या जोडीला महाश्वेतादेवींच्या कथेतली आदिवासी द्रौपदी आहे. हे ग्लिच नव्हे, पण एकीच्या चेहऱ्यावर दुसरी चढते ती याच जातीची गोष्ट. संगणकावरची कृती आणखी पुढे जाऊ शकते. पाहणाऱ्याने मध्येच तोंड फिरवले की पडद्यावरचा चेहरा फाटावा. मग तोडणारे यंत्र नसते, आपण असतो.

हे सारे मला का सुचले ते सांगते. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. चौथी शिकलेली माझी आई बाबांना म्हणाली, "वारं उलटं हाये, आज जाऊ नका." बाबा म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" आम्ही भावंडेही हसलो होतो. बाबा आठ दिवस दवाखान्यात होते. वाचले.

येत्या स्नेहसंमेलनात नाटकाऐवजी एका खोलीत पडदा लावू द्यावा, अशी प्राध्यापक मंडळींना विनंती आहे. संगणक आणि प्रोजेक्टर महाविद्यालयात आहेतच. आईचे ते वाक्य मी तिच्याकडून पुन्हा वदवून फोनवर घेऊन ठेवले आहे. दोनदा म्हणायला लावले. पहिल्या वेळी तीच हसली.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष