लोहगडाचा रविवार

पावसाळ्यातील रविवारी पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बसावयास जागा मिळत नाही. रोजचा नोकरदार त्या दिवशी गाडीत नसतो. असतात ती पाठीवर पिशव्या टाकलेली तरुण मुले. मळवली येताच गाडी भराभर रिकामी होते आणि तो सारा लोंढा द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावाच्या दिशेने चालू लागतो. यंदाच्या एका रविवारी या लोंढ्यात आमच्या महाविद्यालयाचे तीस विद्यार्थी होते आणि त्यांना घेऊन निघालेला प्रस्तुत लेखकही होता. तेव्हा पुढे गर्दीविषयी जे लिहावयाचे आहे ते गर्दीबाहेर उभे राहून लिहिलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

भाजे मागे टाकून चढत गेले की गायमुख खिंड लागते. येथे वाट फुटते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. हे दोन गड इतके जवळ आहेत, की एक गेला तर दुसरा राखणे कठीण. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि त्याहून ठेंगणा असलेला लोहगड पाठोपाठ त्यांच्या हाती आला. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हे एकच ठाणे म्हणावयास हवे. रविवारी मात्र बहुतेक सारे पाय उजवीकडेच वळतात. लोहगडाला चांगल्या पायऱ्या आहेत, विंचूकाट्याची चित्रांतून सर्वांना ठाऊक झालेली सोंड आहे. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत त्याचे नाव आहे. विसापूरचे नाही. तेथे जाणारी वाट पावसाळ्यात ओढ्यातूनच चढते, आणि वर विस्तीर्ण पठारावर तटाच्या कडेने चालताना आम्हांला फारसे कोणी भेटले नाही.

लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापुढे एक आहेत आणि वाट त्यांच्यामधून वळणे घेत वर जाते. ती तशी बांधण्याचा हेतू उघड आहे. मोठा जमाव एकदम वर येऊ नये, आलाच तर वळणावर अडकावा आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा. बांधणाराचे कसब असे की आजही जमाव तेथेच अडकतो! जुलै २०२३ मध्ये एका रविवारी याच वाटेवर माणसे तासन्‌तास खोळंबून राहिली होती. ना वर जाता येईना, ना खाली उतरता येईना. निसरड्या पायऱ्यांवर एखाद्याचा पाय घसरता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अशा वेळी आपले पाठ आठवतात. जी मत्ता सर्वांची, तिचा उपभोग प्रत्येक जण घेतो आणि झीज मात्र कोणाच्याच खात्यावर पडत नाही, हे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. गडाची झीज कोणाच्या तरी खात्यावर लिहिली पाहिजे, ही जाणीव आपल्याकडे पूर्वीच होती. शिवाजी महाराजांच्या काळातील, सुमारे १६७१-७२ सालचा, गडांच्या बांधकामावरील खर्चाचा एक जाबता उपलब्ध आहे. एकूण रक्कम १ लक्ष ७५ हजार होन. त्यांपैकी रायगडास ५० हजार, आणि लोहगडास ५ हजार. ‘सर, त्याचे आजचे रुपये किती?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले. अशा रूपांतराला फारसा अर्थ नसतो, हे मी त्याला सांगितले. अर्थ आहे तो प्रमाणाला. बांधकामाच्या एकूण रकमेचा पस्तिसावा हिस्सा या एका डोंगरासाठी आगाऊ बाजूला काढलेला होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील गडांविषयीचे प्रकरण तर प्रत्येक पर्यटन अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. आधी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबू नये, झाडे जतन करावीत, असे त्यात बजावले आहे. आणि केराविषयी म्हटले आहे, की तो गडावर पडू देऊ नये, गडाखालीही लोटू नये. जागोजाग जाळून त्याची राख परसात घालावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा. आम्ही पाहिलेल्या एका टाक्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. त्यांची राख करून तर भाजीही होणार नाही.

दुपारी पायथ्याच्या वाडीत पिठले-भाकरीला बसलो, तेव्हा वाढणाऱ्या बाईंना मी केराविषयी विचारले. त्या म्हणाल्या, ‘रविवार तुमचा, सर. सोमवार आमचा. बाटल्या आम्हीच येचतो.’ हे वेचण्याचे काम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही. गडावर तिकीट आहे; पण पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाचे पैसे भारताच्या संचित निधीत जमा होतात. वाडीच्या पदरात पडते ती भाकरीची किंमत.

यावर सोपा उपाय कोणीही सुचवील, की तिकीट पाचपट करा, गर्दी आपोआप ओसरेल. पाठ्यपुस्तकात हे उत्तर बरोबर आहे. मला ते मान्य नाही. मी कारकुनाचा मुलगा. विद्यार्थिदशेत लोकलचे तिकीट आणि घरची दशमी एवढ्यावर हे गड पाहिले. किंमत वाढवून गर्दी कमी केली तर मोटारीतून येणारा थांबणार नाही. थांबेल तो मळवलीला उतरणारा. वाटप करावयाचेच असेल तर ते संख्येने करावे. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी ठराविक माणसेच वर सोडावीत आणि आधी नाव नोंदवील त्याला आधी जागा द्यावी. वर नेलेल्या प्रत्येक बाटलीमागे अनामत घ्यावी आणि ती परत करण्याचे काम व त्याचा मोबदला वाडीतील लोकांकडे असावा. सामायिक मत्ता तिच्या आसपास राहणारी माणसे आपल्या नियमांनी सांभाळू शकतात, हे दाखविल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे नोबेल मिळाले. तिकिटातील काही हिस्सा गडाच्या नावाने वेगळा ठेवून स्थानिक ग्रामपंचायतीला मिळावा. जाबत्यातील त्या ५ हजार होनांचा न्याय याहून वेगळा नव्हता. आणि अर्धे पाय विसापुराकडे वळविण्याआधी तेथील वाट व टाकी यांची व्यवस्था व्हावी, नाहीतर एका गडाचा रोग दुसऱ्याला लागेल.

आमच्या तीस जणांनी त्या दिवशी त्या गर्दीत तीसची भर घातली, हे मी विसरलेलो नाही. पुढील वर्षी ही सहल बुधवारी न्यावी, असे मी महाविद्यालयाला लिहून कळविले. वेळापत्रकात बुधवार बसत नाही, असे उत्तर आले आहे. मी पुन्हा लिहिले आहे.