एक कान, तीन कायदे

माझा फोन माझी फार काळजी घेतो. इअरफोन लावून आवाज थोडा वाढवला की सूचना येते: इतका वेळ इतक्या आवाजात ऐकणं कानांना घातक आहे. या सूचनेमागे जागतिक आरोग्य संघटनेचा एक हिशोब आहे. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, त्यापुढे धोका. पुण्यात एसीत बसून कोड लिहिणाऱ्या माझ्या कानांसाठी एवढी व्यवस्था.

शेलूबाजारला माझे बाबा वर्षातले काही महिने मळणीयंत्रावर असतात आणि उरलेले एका दालमिलमध्ये. गेल्या सोयाबीनच्या हंगामात मी यंत्राशेजारी उभं राहून फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. आकडा ९७ च्या आसपास फिरत होता. ॲप म्हणजे प्रमाणित यंत्र नव्हे, चार-पाच डेसिबल इकडेतिकडे धरा. पण बाबा तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत होते आणि त्यांना कुठलीच सूचना येत नव्हती. घरी ओरडून बोलावं लागतं म्हटलं की ते चिडतात. "मले बराबर आयकू येते. तूच तोंडातल्या तोंडात बोलतं."

आमचे एक चुलतकाका तोफखान्यात होते, देवळालीला शिकलेले. त्यांनाही कमी ऐकू येतं. पण त्यांच्या बहिरेपणाची फाइल आहे. भरतीच्या दिवशी त्यांचा कान तपासला, नंतर वेळोवेळी तपासला. सैन्याची वैद्यकीय श्रेणी ठरते ती 'शेप' या पाच अक्षरी पद्धतीने आणि त्यातलं दुसरं अक्षर 'एच' म्हणजे ऐकण्याची क्षमता. एकाच घरातले दोन भाऊ. एकाच्या कानाची नोंद देशाकडे आहे, दुसऱ्याचा कान देशाच्या हिशोबातच नाही.

आता नियम बघू. १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्याची व्याख्या करताना सशस्त्र दलांचं फिरतं पथक स्पष्ट शब्दांत वगळलं. म्हणजे तोफेजवळचा जवान सैन्याच्या नियमांखाली आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतूस बनवणारा कामगार कारखाना कायद्याखाली. काडतूस तेच, कायदे दोन.

कारखान्यांसाठी आपली मर्यादा ९० डेसिबल, आठ तास. पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा: ९५ ला चार तास, १०० ला दोन. अमेरिकेत नागरी कारखान्यांचा नियम हाच. पण त्याच अमेरिकेचं संरक्षण खातं स्वतःच्या माणसांसाठी ८५ डेसिबलपासून मोजायला सुरुवात करतं आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतं. माझ्या भाषेत सांगायचं तर फंक्शन एकच, फक्त दोन स्थिरांक बदललेत. ९७ टाकून बघा. आपल्या कारखान्याचा नियम म्हणतो, तीन तास चालेल. अमेरिकी सैन्याचा नियम म्हणतो, अर्धा तास.

यातला कुठला आकडा भौतिकशास्त्राला धरून आहे? तीनचा. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा व्हायला हवा. पाचच्या नियमाचं समर्थन असं की कामात अधूनमधून खंड पडतो, कानाला विसावा मिळतो. मळणीयंत्रावर हा विसावा कोणी पाहिलाय? पोती भरेपर्यंत यंत्र थांबत नाही.

सैन्याचा नियम कडक आहे म्हणून सैनिकांचे कान वाचले, असं मात्र समजू नका. अमेरिकेत माजी सैनिकांच्या भरपाईच्या दाव्यांत कानात सतत आवाज घुमणं सगळ्यात वर आहे आणि बहिरेपणही वरच्या क्रमांकांत आहे. सैन्याला पुरवलेल्या इअरप्लगच्या खटल्यांत २०२३ साली थ्रीएम कंपनीने सुमारे ६ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे जवानाच्या बाजूने भक्कम आधार मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाने. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीत जडला असं धरायचं आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. इथे भरतीच्या दिवशीचा तो तपासणीचा कागद किती मोलाचा ठरतो, बघा.

माझा खरा राग पुढे आहे. तोफेचा आवाज कमी करता येत नाही. कानात बोळे घातले तर हुकूम ऐकू येत नाही आणि तिथे हुकूम न ऐकणं म्हणजे जीव जाणं. सैन्याकडे निदान कारण आहे. दालमिलकडे काय कारण आहे? मोटर वेगळ्या खोलीत ठेवता येते, झिजलेलं बेअरिंग बदलता येतं, कंप पावणाऱ्या पत्र्याखाली रबर घालता येतं, माणसांच्या पाळ्या फिरवता येतात. जिथे आवाज रोखणं शक्य आहे तिथे नियम सर्वांत कडक हवा होता. आपण नेमका तिथेच ढिला ठेवला.

आणि ढिला का होईना, तो नियमही बाबांना लागू नाही. मिलमध्ये आठ माणसं. जुन्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणायला दहा कामगार लागत, २०२० च्या नव्या संहितेने तो आकडा वीसवर नेला. बहिरेपण हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून यादीत आहे, पण नोंद करायला आधी कारखाना असावा लागतो. शेताच्या धुऱ्यावर तर तोही नाही. मळणीयंत्रात हात-पाय गमावणाऱ्यांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, कारण तुटलेला हात दिसतो. कानातून रक्त येत नाही.

दिवाळीत बाबांना अकोल्याला नेलं, ऑडिओमेट्री केली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधीचा रिपोर्ट आहे का?" नव्हता. साठाव्या वर्षी आयुष्यातली पहिली तपासणी. किती कान यंत्राने नेला आणि किती वयाने, हे आता कोण सांगणार? मागायची झाली तरी भरपाई कुठल्या कागदावर मागायची?

"गावातल्या लोकांना कानाचं काय पडलंय, मजुरी मिळाली म्हणजे झालं," असं मला इथलेच शिकलेले लोक ऐकवतात. पडलेलं नाही असं कसं? बाबांनी भजनाला जाणं सोडलंय. टाळ ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. मागून ट्रॅक्टर आला तर त्यांना कळत नाही आणि शेलूबाजारला आता समृद्धी महामार्गाच्या गाड्या उतरतात.

मागणी मोठी नाही. मर्यादा ८५ वर आणा आणि तीनचा नियम लावा, सैन्यात असो की मिलमध्ये. कामगारांची संख्या न मोजता आवाज मोजा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरसोबत कानाची तपासणी करा आणि तो कागद माणसाच्या हातात द्या. जवानाला मिळालेलं गृहीतक मजुरालाही द्या: कान कामात गेला असं धरा, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावं.

तोवर तुमच्या घरात कोणी मळणीयंत्र, जिनिंग, पिठाची गिरणी किंवा खडी क्रशरवर असेल, तर या महिन्यात त्यांची ऑडिओमेट्री करून घ्या. रिपोर्टचा फोटो काढा, तारीख लिहून जपून ठेवा. बाबांचा मी वीस वर्षं उशिरा काढला.