विचारायचं तरी!

गेल्या दिवाळीची गोष्ट. संगमवाडीहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, पहाटे परभणी. अंघोळ, फराळ, नातेवाइकांच्या भेटी सगळं उरकलं आणि संध्याकाळी थेट मोंढ्यात, मित्राच्या दुकानात जाऊन बसलो. चार माणसं आधीच बसलेली. सोयाबीनच्या भावावर सगळ्यांचं मिळून रडगाणं चाललेलं. तेवढ्यात आमचे परममित्र गादीवरून मोठ्ठ्यानं म्हणतात, "काय मालक, आपलं चिलखत कधी देणार? अठरा वर्षं झाली!"

शेजारच्या काकांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. चिलखत? पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारं पोरगं हे. याला चिलखत कशाला लागतं?

सांगतो. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर २००६ सालच्या परभणीत यावं लागेल.

मी अकरावीत. लोडशेडिंगचं वेळापत्रक फिजिक्सच्या फॉर्म्युल्यांपेक्षा जास्त पाठ. स्टेशन रोडला एक सायबर कॅफे होता. प्लायवूडचे खोपटे, घरघरणारे पंखे आणि लाइट गेली की फक्त चार मशिन चालवणारा इन्व्हर्टर. त्या चारांतल्या दोन मशिनवर आमचा कायमचा कब्जा. मी आणि मालक. (परभणीत जिवलग मित्राला 'मालक' म्हणतात. दोघांच्या खिशात मिळून वीस रुपये असले तरी!)

आम्ही खेळायचो 'रूनस्केप'. केंब्रिजच्या गॉवर बंधूंनी जानेवारी २००१ मध्ये सुरू केलेला ऑनलाइन खेळ. त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे तो काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये चालायचा आणि फुकट होता. ग्राफिक्स कार्ड नको, सीडी नको. ज्या मशिनवर मेल उघडायला दोन मिनिटं लागायची, त्यावरही तो चालायचा. आपण एक माणूस बनवायचा आणि त्यानं लाकडं तोडायची, कोळसा खणायचा, मासे पकडायचे. तीस नाणी भाडं भरून बोटीनं कारमजा बेटावर जायचं, झिंग्याच्या मोठ्या भावासारखे लॉबस्टर पकडायचे आणि ते आणून व्हॅरॉक गावाच्या पश्चिमेकडच्या बँकेसमोर विकायचे.

ती बँक म्हणजे आमचा मोंढाच! शेकडो माणसं एकमेकांना खेटून उभी. डोक्यावर पिवळी, लाल, लाटेसारखी हलणारी अक्षरं. कुणी कोळसा विकतंय, कुणी तलवार शोधतंय, कुणी नुसताच टाइमपास करतंय. भाव पाडून मागणारे होते, ओळख निघाली की दोन नाणी सोडणारे होते आणि अर्थातच फसवणारेही. त्यातला एक मला भेटला. म्हणाला, तुझ्या चिलखताला सोन्याची किनार फुकट लावून देतो. मी दिलं. तो गेला! ही जगभर गाजलेली जुनी फसवणूक होती, हे मला नंतर कळलं.

मालक अर्धा तास हसला. मग स्वतःचा निळसर रून चिलखताचा पूर्ण सेट माझ्या अंगावर चढवला. "वापर. नवीन घेतलास की दे."

ऑगस्ट २००७. मला पुण्यात इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाली. मालकाला दुकान मिळालं, कारण वडील अचानक गेले. मी बॅग भरली, चिलखत परत द्यायचं राहून गेलं. म्हटलं, हॉस्टेलवर नेट असेलच, देऊ आरामात.

आणि मग खेळ बदलला.

नोव्हेंबर २००७ मध्ये 'ग्रँड एक्स्चेंज' आलं. माल टाका, भाव लिहा, निघून जा. कोण विकतंय, कोण घेतंय, काही कळायचं कारण नाही. बँकेसमोरची गर्दी पांगली. डिसेंबरात 'वाइल्डरनेस', म्हणजे जिथे कुणीही कुणावरही हल्ला करू शकायचा तो जंगली भाग, तिथली ती मोकळी मारामारी बंद. जानेवारी २००८ मध्ये तिसरा दणका. एका खेळाडूनं दुसऱ्याला ठराविक किमतीपेक्षा जास्त काही द्यायचं नाही. भेट नाही. उसनं नाही. किंमत बरोबरीत आली तरच व्यवहार.

कंपनीची बाजूही ऐकून घ्या. खेळातली नाणी खऱ्या पैशाला विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. प्रोग्रॅम लावून दिवसरात्र नाणी जमवायची, चोरीच्या क्रेडिट कार्डांवर मेंबरशिप घ्यायची. मग बँका ते पैसे कंपनीकडून परत मागायच्या. दुखणं खरं होतं. पण औषध असं निघालं, की चोराबरोबर सावकारही गेला आणि शेजारीही गेला. जगभरातले जुने खेळाडू खवळले. खेळातल्याच गावांच्या चौकांत जमून त्यांनी निषेध केले. अनेक जण कायमचे सोडून गेले.

मी हॉस्टेलवरून मालकाला फोन केला. "अरे, तुझं चिलखत आता देताच येत नाही. खेळच देऊ देत नाही."

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "राहू दे मालक. उधारीच बंद केली म्हटल्यावर बाजार कशाचा?"

तो पुन्हा लॉग-इन झाला नाही.

आता खरं सांगायचं तर पुढची कित्येक वर्षं मी माझ्या मनाशी हेच म्हणत राहिलो, की खेळ बिघडला म्हणून आमची दोस्ती पातळ झाली. सोयीचं होतं ते! प्रत्यक्षात मला पुण्यात नवे मित्र मिळाले होते आणि मालकाला दुकानाची देणी फेडायची होती. फोन मीही करू शकलो असतो. त्याला काही मर्यादा नव्हती.

दरम्यान खेळाची गोष्ट मजेशीर वळणावर गेली. तीन वर्षांच्या ओरड्यानंतर, जानेवारी २०११ मध्ये कंपनीनं चक्क मतदान घेतलं. मोकळी देवघेव आणि जुनं जंगल परत आणायचं का? बारा लाखांवर मतं पडली, ९१ टक्के 'हो'. फेब्रुवारीत दोन्ही परत आलं. झालं, सगळे खूश? छे! नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची सगळी पद्धतच उलटीपालटी केली. शिवाय त्याच वर्षीपासून पैसे भरून नशिबाचं चक्र फिरवायची सोय. वर्षानुवर्षं घाम गाळून मिळवायची गोष्ट कार्ड स्वाइप करून! पुन्हा बोंबाबोंब.

मग आलं फेब्रुवारी २०१३. कंपनीकडे खेळाची एक जुनी प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करायची का, यावर मतदान झालं, जवळजवळ साडेचार लाख मतं पडली आणि 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू झालं. ती प्रत कधीची होती माहितीये? ऑगस्ट २००७ ची. ज्या महिन्यात मी परभणी सोडली, बरोबर त्याच महिन्याची!

मी नोकरीला लागलो होतो. पहिल्यावहिल्या क्रेडिट कार्डावर मेंबरशिप घेतली, कारण सुरुवातीला ते फुकट नव्हतं. आत शिरलो. तीच बँक, तेच झाड, तीच बोट, तेच तीस नाणी भाडं. फक्त एक गंमत होती. खेळ जुना होता, पण खाती जुनी नव्हती. सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. माझी सहा वर्षांपूर्वीची कमाई शून्य. मालकाचं चिलखतही त्यातच गेलं.

गाव जसंच्या तसं परत मिळालं, आणि मी तिथे एकटा, अंगावर फाटके कपडे, हातात कांस्याची कुऱ्हाड! महिनाभरात कंटाळून बंद केलं. तेव्हा लक्षात आलं, की माझ्या तक्रारीतला निम्मा भाग खेळाबद्दल नव्हताच. मला सतरावं वर्ष परत हवं होतं, आणि ते कुठल्याच सर्व्हरवर मिळत नाही.

पण उरलेला निम्मा? तो मात्र खरा होता. कसा, ते बघा.

२००७ मध्ये ज्या ग्रँड एक्स्चेंजला जुन्या खेळाडूंनी शिव्या घातल्या, ते या जुन्या प्रतीत नव्हतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते आलं. कुणी आणलं? खेळाडूंनीच, मत देऊन! कारण 'ओल्ड स्कूल'चा नियमच असा, की खेळात मोठी नवी गोष्ट आणायची तर आधी खेळाडूंना विचारायचं. आधी ७५ टक्के 'हो' लागायचं, २०२२ पासून ७० टक्के. म्हणजे बघा, बाजार तोच, यंत्रणा तीच. एकदा वरून आली तेव्हा दंगा. एकदा विचारून आली तेव्हा स्वागत.

'जुन्या खेळाडूंना बदलच नको असतो' असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. बदल नको असतो असं नाही हो. विचारायचं तरी!

आणि हे एकाच खेळाचं नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घ्या. २००४ चा खेळ. प्रत्येक नव्या भागात तो सोपा होत गेला, आणि जुने लोक कुरकुरत राहिले, की आता कुणाची ओळख लागत नाही, बटण दाबलं की अनोळखी टोळी तयार. काही हौशी मंडळींनी जुना खेळ स्वतःच्या सर्व्हरवर चालवला. २०१६ मध्ये कायद्याच्या नोटिशीमुळे तो बंद पडला, तेव्हा दोन लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनं स्वतःच जुना खेळ अधिकृतपणे बाजारात आणला. ज्यांना कटकटे म्हणून दुर्लक्षित केलं, तेच रांगेत सगळ्यात पुढे उभे!

तुमच्या ऑफिसमध्येही हेच चालतं की नाही? नवीन सिस्टीम येते, मग ट्रेनिंग, मग फीडबॅक फॉर्म. सगळं ठरल्यानंतर! आणि मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वाद घालणारा दहा वर्षं जुना माणूस बॉसला 'निगेटिव्ह' वाटतो. खरं तर काळजी करायची ती त्याची नाही. एके दिवशी 'राहू दे' म्हणून गप्प बसतो त्याची.

मालक तसाच गप्प बसला होता. बारा वर्षं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये एका रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आला. मोबाइलच्या स्क्रीनवर एक फाटका माणूस कारमजाच्या धक्क्यावर लॉबस्टर पकडतोय. खाली एकच ओळ: "बनी तो बनी, नहीं तो परभणी." आमच्याकडची जुनी म्हण. कुठेच काही जमलं नाही, तर परभणी आहेच!

'ओल्ड स्कूल' २०१८ मध्येच मोबाइलवर आलं होतं, फुकट खेळण्याची सोय परत आली होती, आणि दुकानाला कुलूप असल्यानं मालकाकडे वेळच वेळ होता. त्या रात्री आम्ही तीन वाजेपर्यंत झाडं तोडली. खेळापेक्षा जास्त बोललो. वडील गेले तेव्हाचं पण बोललो, जे २००७ मध्ये बोलायला हवं होतं.

तेव्हापासून तो रोज खेळतो आणि रोज खेळाला शिव्या देतो. हे अपडेट भंगार, ते बक्षीस फालतू, कंपनीला अक्कल नाही. गेल्या नोव्हेंबरात खेळाच्या नव्या आवृत्तीतली ती नशिबाची पेटी काढायची का, यावर मतदान झालं. एक लाख मतं हवी होती, ती हां हां म्हणता जमली आणि पेटी काढायचं ठरलं. मालक ती आवृत्ती खेळतही नाही, तरी मला रात्री साडेअकराला फोन! "बघ, आता कुठं अक्कल येऊ लागली."

तर पुन्हा दिवाळीच्या त्या संध्याकाळकडे.

काकांसमोर इज्जतीचा प्रश्न होता. मी खिशातून मोबाइल काढला. रून चिलखताचा सेट मी केव्हाच घेऊन ठेवला होता, पण देत नव्हतो. का ते मलाही नीट सांगता आलं नसतं. दोघंही लॉग-इन झालो, बँकेसमोर उभे राहिलो. मी ट्रेडची खिडकी उघडली. शिरस्त्राण, छातीचं कवच, पायातलं, ढाल. सगळं ठेवलं. या खेळात फसवणूक टाळायला देवघेव करताना दोनदा विचारतात. पहिल्या पडद्यावर दोघांनी 'मान्य' केलं की दुसरा पडदा येतो: नक्की ना?

पहिल्यावर दोघांनी दाबलं. दुसऱ्यावर मी दाबलं. मालकानं फोन हातात धरून ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि 'अमान्य' दाबून मोकळा झाला. चिलखत परत माझ्या पिशवीत.

"अबे, काय झालं?"

"राहू दे तुझ्याकडंच," तो म्हणाला आणि गल्ल्यातून चहाचे पैसे काढायला लागला. "वडील म्हणायचे, उधारी चालू असली की गिऱ्हाईक परत येतंय."