बैलगाडी शर्यत आणि लहान शेतकरी

बैल हा शेतकऱ्याच्या घरातला न बोलणारा भाऊ होय. त्याच्या खांद्यावरच्या जुवाने आपल्या पूर्वजांची शेती उभी केली. म्हणूनच बेंदराच्या दिवशी त्याची शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून आपण त्याला पुरणपोळीचा घास भरवितो. आपल्या सीमाभागाचे भाग्य असे की, येथे बेंदूरही दोन आहेत. ज्येष्ठी पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर आणि पुढे आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर! परंतु सणांप्रमाणेच बैलांविषयीचे कायदेही आज आपल्या वाट्यास दोन आले आहेत, आणि त्यांच्याबरोबर आलेला खर्च व दंड यांचा भार लहान शेतकऱ्यास पेलेनासा झाला आहे. या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम या प्रश्नाचा पूर्वेतिहास पाहू. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास आळा घालणारा केंद्रीय कायदा 1960 साली झाला. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली व ज्या प्राण्यांकडून खेळ करून घेता येत नाहीत, त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती या दोहोंवर बंदी घातली. या निर्णयाविरुद्ध तमिळनाडूत 2017 च्या जानेवारीत मोठे जनआंदोलन झाले. त्यानंतर तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी आपापल्यापुरती मूळ कायद्यात दुरुस्ती केली. कर्नाटकाच्या दुरुस्तीत दक्षिण कानड्याच्या कंबळ्याबरोबर बैलगाडी शर्यतीलाही स्थान मिळाले. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. बंदीच्या काळात ओस पडलेल्या माळांवर पुन्हा धुरळा उडू लागला, तो असा.

परवानगी मिळाली ती अटींसह, आणि तेच योग्य झाले. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे धावेचे अंतर 1000 मीटरांपेक्षा अधिक असता कामा नये. एका बैलाला एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळविता येत नाही. चाबूक, काठी, पराणी, विजेचा धक्का देणारे साधन, मादक वा उत्तेजक द्रव्य या सर्वांस मनाई आहे. बैल निरोगी असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शर्यत भरविणाऱ्यास 50,000 रुपयांची ठेव ठेवावी लागते. अटींचा भंग झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा सांगितली आहे. 1960 च्या मूळ कायद्यात पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड ठरविला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पन्नास रुपयांच्या दंडाने कोणाचाही हात थांबला नसता. तेव्हा दंड वाढला याबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. आमचा प्रश्न एवढाच की, हा भार नेमका कोणाच्या खांद्यावर पडतो?

शर्यतीचा बैल सांभाळणे म्हणजे काय, हे आमच्या खेड्यातल्या वाचकांस सांगावयास नको. चांगल्या जातिवंत खिलार खोंडाची किंमत आज लाखाच्या पुढे सहज जाते. त्याला नुसत्या वैरणीवर ठेवून भागत नाही. सरकी पेंड, मक्याचा भरडा, दूध, अंडी असा खुराक वर्षभर चालू ठेवावा लागतो, आणि शर्यत मात्र वर्षातून मोजक्याच वेळा असते. पत्री मारणे, औषधपाणी, हलकी छकडी, बैल वाहून नेणारा टेंपो, सोबतच्या चार माणसांची रोजंदारी हा खर्च निराळाच. त्यावर प्रवेश फी आहेच. शर्यत भरविणाऱ्या मंडळास जेव्हा मंडप, कठडे, पशुवैद्य, रुग्णवाहिका, चित्रीकरण आणि ठेव यांची तजवीज करावी लागते, तेव्हा तो पैसा शेवटी प्रवेश फीतूनच वसूल होतो. ठेव पुढे परत मिळते हे खरे; पण आधी ती उभी करावी लागते, आणि लहान गावच्या यात्रा कमिटीस तेवढी रक्कम काही महिने अडकवून ठेवणे सोपे नाही. परिणाम असा की, गावोगावच्या छोट्या शर्यती मागे पडतात आणि मोठ्या धनिकांच्या नावाने भरणाऱ्या शर्यती तेवढ्या उरतात. तेथे बक्षीस म्हणून मोटारसायकल, ट्रॅक्टर, क्वचित मोटारगाडीही ठेवलेली असते.

आता या मोठ्या शर्यतीत दोन एकरांचा शेतकरी कसा टिकणार? पूर्वी एका घरी एकच चांगला बैल असला, तर शेजाऱ्याच्या बैलाशी पैरा करून जोडी जुळत असे. आजही पैरा होतो; पण ज्याचा बैल नामांकित, तो तोलामोलाचाच जोडीदार शोधतो. एका बैलाचा पाय मुरगळला की गरिबाचे वर्ष फुकट गेले. श्रीमंताच्या गोठ्यात मात्र दुसरी जोडी तयार असते. दंडाचेही तसेच आहे. ज्याच्या दारी लाखोंची बक्षिसे आली, त्यास दंड म्हणजे व्यवहारातला एक खर्च. आणि ज्याने पेरणीसाठी सोसायटीचे कर्ज काढले आहे, त्यास तोच दंड म्हणजे जमीन गहाण टाकण्याची पाळी.

सीमाभागातील शेतकऱ्याची अडचण याहून थोडी वेगळी आहे. मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात भात, बटाटा आणि रताळी पिकविणारा आमच्या कडोली भागातील शेतकरी आज निपाणीकडे जातो, तर उद्या चंदगड वा गडहिंग्लजकडे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन मध्ये सीमारेषा आली. पण बैलांना ती ठाऊक नाही. सकाळी एका राज्याच्या अटी व दुपारी दुसऱ्या राज्याच्या! नियमांचे कागद त्याला समजेल अशा भाषेत हाती पडत नाहीत, आणि नियम ठाऊक नव्हता ही सबब कायद्यापुढे चालत नाही. ज्याला कचेरीतला कागद वाचून दाखविणारा माणूस जोडता येतो तो निभावतो. इतरांनी काय करावे?

हा प्रश्न केवळ आपल्याच देशात आहे असे मात्र नाही. अमेरिकेत मोटारींची सरळ रेषेतील वेगाची शर्यत असते. तिला ड्रॅग रेस म्हणतात. अंतर पाव मैलाचे, म्हणजे सुमारे 402 मीटरांचे. 1951 साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था तिचे नियमन करते. 2008 साली एका चालकाचा अपघाती मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतर 1000 फुटांवर आणले गेले. इंजिनातून धावपट्टीवर तेल सांडले, तर मालकास रोख दंड होतो आणि त्याचे गुणही कापले जातात. तेल सांडल्यास मागून येणाऱ्याच्या जिवास धोका असतो, म्हणून हा नियम योग्यच आहे. पण धनवान पथकास तो दंड चिमटीएवढा, तर घरच्या पैशांवर गाडी उभी करणाऱ्या लहान पथकास डोंगराएवढा. यंत्र असो वा बैल, नियम एक आणि ऐपत वेगळी, हे दुखणे सगळीकडे सारखेच दिसते.

यावर कोणी म्हणेल, इतकी कटकट असेल तर शर्यतीच बंद का करू नयेत? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. बैलाची शेपटी पिरगाळणे, त्याला टोचणे, दारू पाजणे असे प्रकार झाले म्हणूनच न्यायालयास बंदी घालावी लागली. बैल स्वतः तक्रार करू शकत नाही. त्याच्या वतीने कायद्यानेच बोलावे लागते. शर्यतींवर जुगार चालतो, हेही लाजिरवाणे सत्य आहे. परंतु ट्रॅक्टर आल्यापासून शेतकऱ्याच्या गोठ्यातून बैल नाहीसा होत चालला आहे, हेही तितकेच सत्य आहे. खिलार खोंड जपून वाढविण्यास शर्यत हे एक मोठे कारण उरले आहे. ते कारणही गेल्यास गोठाच रिकामा होईल. म्हणून शर्यत राहावी. मात्र ती बैलाच्या अंगावरील वळांवर उभी राहू नये.

आमच्या अल्प मतीस काही उपाय सुचतात. पहिला असा की, जनावरास इजा करण्याचा अपराध आणि कागदपत्रांतील उणीव यांत स्पष्ट भेद करावा. पहिल्यास दया दाखवू नये. दुसऱ्यास प्रथम ताकीद द्यावी आणि दंड पायरीपायरीने वाढवावा. दुसरा, सरकारी पशुवैद्याने शर्यतीच्या जागी विनामूल्य तपासणी करावी. म्हणजे दाखल्यासाठी लहान शेतकऱ्यास खेटे घालावे लागणार नाहीत. तिसरा, चार-पाच गावांच्या यात्रा कमिट्यांनी एकत्र येऊन एकच शर्यत भरवावी व ठेवीचा भार वाटून घ्यावा. चौथा, बक्षिसांच्या रकमेस मर्यादा असावी. बक्षीस जितके मोठे, तितका चाबूक उचलण्याचा मोह मोठा. आदत व दुसा खोंडांच्या गटांत प्रवेश फी कमी ठेवल्यास नवा शेतकरीही पुढे येईल. आणि पाचवा, दोन्ही राज्यांचे नियम मराठीत व कन्नडमध्ये छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत.

या शेवटच्या कामात आम्हां विद्यार्थ्यांचाही वाटा असू शकतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांस अक्षरओळख नाही. पण बैलाचे दात पाहून वय सांगण्याची विद्या त्यांच्याजवळ आहे. त्यांनी आपणांस बैल ओळखण्यास शिकवावे, आपण त्यांस नियम वाचून दाखवावेत. मित्रहो, शर्यत पाहावयास जाल तेव्हा कोणता बैल पहिला आला एवढेच पाहू नका. तो धावून आल्यावर त्याच्या पाठीकडेही पाहा. पाठीवर वळ नसेल तर टाळ्या वाजवा. वळ दिसला, तर गाडी पहिली आली असली तरी हात आवरा. जेथे बैलास मार नाही आणि गरीब शेतकऱ्यास अटकाव नाही, तीच शर्यत आपल्या गावाची शोभा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.