'निग्रो'चे मराठीत काय करावे?

एम.ए.च्या वर्गाला दलित साहित्याचा तौलनिक अभ्यास शिकवताना आम्ही काही वर्षे एक भाषांतरित उतारा वापरत होतो. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९२८ साली 'द क्रायसिस' या आपल्या मासिकात एका शाळकरी मुलाच्या पत्राला दिलेले उत्तर, असा तो उतारा. मुलाची तक्रार होती की मासिकाने 'निग्रो' हा शब्द वापरू नये; तो गोऱ्यांनी आपल्याला हीन वाटावे म्हणून दिलेला शब्द आहे; आम्हांला अमेरिकन म्हणा, तिकडच्यांना आफ्रिकन म्हणा. दु बॉइस यांचे उत्तर थोडक्यात असे की, नाव हा केवळ संकेत असतो, तो बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. आणि हीनतेची भावना शब्दात नसून ती तुझ्या मनात पेरली गेली आहे.

भाषांतर आमचेच. सभ्यपणाच्या भरात आम्ही जेथे जेथे 'निग्रो' आले तेथे तेथे 'कृष्णवर्णीय' घातले होते. मुलगा म्हणतो, आम्हांला कृष्णवर्णीय म्हणू नका. संपादक म्हणतात, कृष्णवर्णीय हाच शब्द उत्तम आहे. एका विद्यार्थिनीने निरागसपणे विचारले, "सर, मग यांचं भांडण नेमकं कशावरून आहे?" आम्ही तिघेही निरुत्तर झालो. ज्या शब्दावरून वाद, तो शब्दच आम्ही वादातून काढून टाकला होता.

या फजितीनंतर आम्ही जो विचार केला तो येथे मांडत आहोत. आमचे म्हणणे असे की, वंशवाचक शब्दांची योग्य-अयोग्य अशी कायमची यादी करता येत नाही. प्रत्येक शब्दाला साल असते, स्थळ असते आणि बोलणारा असतो. भाषांतरकाराने आणि शिक्षकाने ही तिन्ही पुसून टाकली, तर सभ्यपणा राहतो आणि इतिहास जातो.

'निग्रो' हा स्पॅनिश-पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थ 'काळा' एवढाच. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा त्या अर्पणपत्रिकेत हाच शब्द आला आणि तो आदराने आला. विसाव्या शतकाच्या आरंभी काळ्या नेत्यांचा लढा हा शब्द घालवण्याचा नव्हता. त्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत छापले जावे यासाठीचा होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९३० साली ती मागणी मान्य केली. (आमच्या देवनागरीत लहानमोठी लिपीच नाही. त्यामुळे हा लढा मराठीत अक्षरशः दिसतच नाही, आणि २०२० साली 'ब्लॅक'चा 'बी' मोठा करण्याचे जे निर्णय झाले तेही दिसत नाहीत.) पुढे १९६६ साली मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे स्टोकली कारमायकेल यांनी 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली आणि थोड्याच वर्षांत 'निग्रो' हा वडीलधाऱ्यांचा, नमते घेणाऱ्यांचा शब्द ठरला. १९८८ साली जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन'चा पुरस्कार केला. १९२८ सालच्या त्या मुलाने मागितलेले दोन शब्द साठ वर्षांनी असे एका जोडशब्दात एकत्र आले! तरीही २०१०च्या अमेरिकी जनगणनेच्या अर्जावर 'निग्रो' होताच, आणि दु बॉइस ज्या संस्थेच्या संस्थापकांपैकी होते तिच्या नावात 'कलर्ड' आजही आहे. तोच 'कलर्ड' दक्षिण आफ्रिकेत गेला की वेगळाच अर्थ होतो. तेथे तो मिश्रवंशीय समाजाचे नाव आहे, १९५०च्या वर्णभेदी नोंदणी कायद्याने ठोकून बसवलेले; कायदा १९९१ साली गेला, शब्द राहिला. आमच्या एका उत्तरपत्रिकेत याचे 'रंगीत लोक' झाले होते. त्या विद्यार्थ्याला आम्ही हसलो, पण त्याला दुसरा शब्द आम्ही तरी कुठे दिला होता?

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्यांत डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव अग्रभागी आहे, आणि त्यांच्या ग्रंथाचे नाव 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' असे आहे. आजचा एखादा उत्साही अभ्यासक त्या नावाने दचकतो. दचकण्याचे कारण नाही. आपण मात्र आज आपल्या वाक्यात तो शब्द वापरू नये. अडचण अशी की इंग्रजीत याच मुळातून निघालेली एक निखालस शिवी आहे, आणि मराठीत त्या शिवीचेही बहुधा 'निग्रो'च होते. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मधून ती शिवी काढून तेथे 'गुलाम' असा शब्द घालणारी आवृत्ती २०११ साली अमेरिकेत निघाली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठीत दोन्ही शब्दांचा एकच शब्द केला की तो गदारोळ कशासाठी होता हेही कळत नाही.

मग 'कृष्णवर्णीय' का नको? आमचा आक्षेप असा की हा शब्द लाजतो. आपल्या घरांतून 'काळा' ही अजूनही कुरूपतेची खूण आहे. म्हणून मुलगी 'सावळी', वधू 'गव्हाळ', आणि परदेशातला माणूस 'कृष्णवर्णीय'. विठ्ठलाला सावळा म्हणताना जिभेवर येणारा गोडवा वेगळा आणि ही टाळाटाळ वेगळी. शिवाय त्यात 'वर्ण' आहे, आणि मराठी वाचकाला चातुर्वर्ण्याची आठवण करून दिल्यावाचून तो शब्द येत नाही. 'ब्लॅक' हा शब्द त्या लोकांनी निवडला तोच मुळी तो खरखरीत होता म्हणून; ज्या शब्दाने हिणवले तोच ताठ मानेने उचलला. त्याचे संस्कृत वळणाने सौम्यीकरण करणे म्हणजे १९६६ साली जे घडले ते मराठीत न घडू देणे होय.

हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. 'हरिजन' टाकून 'दलित' घेतला गेला तेव्हा हेच घडले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव नुसते घेतले गेले नाही. आपले नाव आपण ठेवण्याचा हक्कही घेतला गेला. २०१८ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित'ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणण्यास सुचवले, त्यावर अनेक दलित लेखक-कार्यकर्त्यांनी जो विरोध केला तोही याच जातीचा होता.

यावर एक सहकारी विचारतात की तुम्ही वर्गात 'काळे' म्हणाल आणि मागच्या बाकावरची सावळी मुलगी मान खाली घालेल, त्याचे काय? हा प्रश्न आम्हांला झटकता आलेला नाही. दु बॉइस त्या मुलाला जे म्हणाले, ते वर्गातल्या मुलीला म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि ते कदाचित न्याय्यही नाही. 'काळे' हे सुटे नाम न वापरता 'काळे लेखक', 'काळे अमेरिकन' असे विशेषण म्हणून वापरावे, एवढी काळजी आम्ही घेतो.

उताऱ्याचे मात्र आम्ही पुन्हा भाषांतर केले. त्यात 'निग्रो' परत आला, शेजारी साल आले. त्याच तासाला राऊल पेक यांच्या २०१६च्या, जेम्स बाल्डविनवरील माहितीपटाचे नाव मराठीत करायला दिले. बहुतेकांनी 'मी तुमचा निग्रो नाही' असे केले. एकाने 'मी तुमचा कृष्णवर्णीय नाही' असे लिहिले आणि वाचता वाचता स्वतःच खोडले, त्याच विद्यार्थिनीने त्याला विचारले होते, "मग तो कोण आहे?"